तळटीप : व्यापारी शुद्धतेचे टायटॅनियम
* मूळ मजकुरात नुसते ‘टायटॅनियम’ म्हटले असले, तरी व्यापारी शुद्धतेच्या या धातूच्या चार प्रमाणित प्रती प्रचलित असून, त्यांतील भेद मुख्यतः प्राणवायूच्या अत्यल्प अंशावर अवलंबून असतो : पहिल्या प्रतीत तो वजनाच्या ०.१८ टक्क्यांपर्यंत, तर चौथीत ०.४० टक्क्यांपर्यंत ग्राह्य मानतात, आणि तो जसजसा वाढतो तसतसे धातूचे बळ वाढून तन्यता घटते. म्हणून खोल दाबकामाच्या पत्र्यास पहिली, खाऱ्या पाण्याच्या नळ्यांस दुसरी व दंतरोपणास बहुधा चौथी प्रत मुक्रर करतात. केवळ बळकटीकडे पाहून चौथी पसंत करणे आम्हांस सर्वस्वी गैर वाटते. पत्रा वाकवितानाच तडकला, तर ती बळकटी काय कामाची? उष्ण क्षारजलात सांध्यांच्या फटी गंजण्याचे भय असेल, तेथे मात्र या चारींपलीकडील, किंचित पॅलॅडियम मिसळलेल्या सातव्या प्रतीवरच भिस्त ठेवावी. — संपादक