व्हर्बिना : फूल आणि त्याचे नाव

पावसाळा सरल्यावर कलबुर्गीच्या अंगणांतून पेरलेली व्हर्बिना पौष-माघात फुलते. जांभळ्या, तांबड्या, पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ जमिनीलगत पसरतात. माळी तिला व्हर्बिनाच म्हणतो. परंतु देवपूजेच्या तबकात ती ठेवावयाची म्हटले की वडीलधारी मंडळी अडखळतात. परक्या नावाचे फूल देवाला चालेल काय? म्हणून आम्ही त्या नावाचाच माग काढला.

लॅटिन भाषेत हा शब्द मुळात कोणा एका झाडाचा नव्हे. लॉरेल, ऑलिव्ह, मर्टल अशा ज्यांच्या डहाळ्या देवकार्यास लागत, त्या सर्वांस मिळून तो होता; आपल्या 'पत्री'सारखा. रोमचे फेटियल नावाचे पुरोहित परराज्यांशी तह करीत. टुल्लुस राजाच्या काळी आल्बा नगराशी झालेल्या तहाचे वर्णन लिव्ही या इतिहासकाराने केले आहे. पुरोहिताने राजाकडे पवित्र तृण मागितले, गडावरून ते उपटून आणले, आणि व्हर्बिना मस्तकास लावून दुसऱ्या पुरोहितास तहाचा अधिकार दिला. मुखत्यारपत्रावर मोहोर नव्हती, पाला होता! इ. स. पूर्व 201 मध्ये कार्थेजशी तह करावयास आफ्रिकेत निघालेल्या फेटियलांनी आपापली व्हर्बिना व गारगोटी बरोबर न्यावी, असा ठराव रोमच्या सिनेटने केला. परमुलखातील पाला त्या कामी चालला नसता. श्रावण अमावास्येस मंत्रपूर्वक दर्भ उपटून वर्षभर जपून ठेवणाऱ्या आपल्या वाचकांस यात नवल वाटू नये.

पुढे हे नाव युरोपातील एका औषधी वनस्पतीकडे गेले. लिनीअसने 1753 साली तिलाच ते शास्त्रात कायम केले. बागेतील व्हर्बिना मात्र तीही नव्हे. ती दक्षिण अमेरिकेतील जातींच्या संकरातून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात वाढली, आणि आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ तिला ग्लँड्युलेरिया म्हणतात. म्हणजे नाव रोमचे, फूल अमेरिकेचे. आमच्या भाषेत सांगायचे तर केवळ वहिवाटीने मिळालेला हक्क.

हिचे आप्त मात्र आपल्या दाराशी आहेत. रस्त्याकडेची घाणेरी हिच्याच कुळातली. निर्गुडी, जिला कन्नडात लक्की म्हणतात, तीही या कुळात गणली जात असे. अलीकडच्या वर्गीकरणाने तिला तुळशीच्या कुळात नेले. हीच निर्गुडी 'सिंधुवार' या नावाने कर्नाटकातील गणेशपूजेच्या एकवीस पत्रींत येते. कुळे बदलली, पूजेतील तिचे स्थान हलले नाही.

राहता राहिला परकेपणाचा प्रश्न. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, आणि त्यावाचून आपल्या दसऱ्याचे तोरण होत नाही. आमच्या घरी माघी चतुर्थीला दूर्वांच्या जुडीशेजारी जांभळ्या व्हर्बिनाचा एक गुच्छ ठेवला जातो. वडीलधाऱ्यांनी अद्याप तो उचललेला नाही.