आणेवारी: एका मापाचा मागोवा

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून गेला. सरकारी कागदावर आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. गावात मात्र सप्टेंबर सरत आला की आजही विचारतात, “यंदा आणेवारी किती लागली?” सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. या एका आकड्यावर गावाला मदत मिळणार की नाही, हे ठरत असे.

हे माप मदतीसाठी जन्मलेले नाही. ते जन्मले वसुलीसाठी. ब्रिटिश अमलात मुंबई इलाख्यातला शेतसारा ठरावीक आणि रोख होता. पाऊस पडो न पडो, तो भरायचा. पीक बुडाल्यावर सारा किती तहकूब करायचा, हे आणेवारीवरून ठरे. चार आणे किंवा त्याहून कमी पीक आले, तर त्या वर्षाची पूर्ण वसुली थांबवावी, असा नियम होता.

या चार आण्यांवरूनच 1918 साली इलाख्यातल्या, आजच्या गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात सत्याग्रह पेटला. अतिवृष्टीने पीक गेले होते. शेतकऱ्यांच्या मते आणेवारी चार आण्यांच्या आत होती, अधिकाऱ्यांच्या मते वर. 22 मार्चला नडियादला गांधीजींनी सारा न भरण्याची हाक दिली. घरांवर जप्त्या आल्या, गुरे ओढून नेली गेली. अखेर जूनमध्ये गरीब शेतकऱ्यांची वसुली तहकूब झाली. पीक एकच, पण मोजणारा बदलला की आणे बदलतात, हे खेडा सत्याग्रहाने दाखवून दिले.

स्वातंत्र्यानंतर माप तेच राहिले, काम वाढले. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी लागलेल्या गावाला महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, मुलांना परीक्षा शुल्कमाफी आणि गरजेप्रमाणे टँकर मिळू लागले. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम पैसेवारी, असा तिचा फेरा. पीक कापणी प्रयोगात आलेले उत्पन्न प्रमाण उत्पन्नाशी ताडायचे आणि आकडा काढायचा. बांधाअलीकडे 49 पैसे आणि पलीकडे 51 लागले, तर एका गावाला सवलत मिळे आणि दुसऱ्याला वसुलीची नोटीस येई.

शब्दही बदलले. 1963 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या कायद्यांमधून ‘दुष्काळ’ शब्द काढून ‘टंचाई’ घातला गेला. नऊच वर्षांनी 1972 आले, आणि लोकांनी त्याला दुष्काळच म्हटले.

त्या दुष्काळाने आणेवारीची मोठी उणीव उघडी पाडली. ती पीक मोजते. ज्याला जमीनच नाही, त्याची आणेवारी कोण लावणार? उत्तर मिळाले ते खडी फोडणाऱ्या हातांच्या कामातून. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमी योजना 1977 च्या कायद्यात आली आणि तो कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. इथे शेताचा आकडा नव्हता. काम मागायला आलेला माणूस हीच गरजेची खूण होती. 2005 साली तोच हक्क देशाच्या कायद्यात गेला.

पुढे निकष पुन्हा बदलले. 2015 साली केंद्राने पीकनुकसानीच्या मदतीसाठीची अट 50 वरून 33 टक्क्यांवर आणली. 2016 च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली हिरवळ पुढे आणली, आणि पैसेवारी मागे पडली. नजरअंदाजातला पक्षपात त्यामुळे कमी होऊ शकतो, हे चांगलेच आहे. पण आकाशातून दिसते ते शेतच. घरातली कणगी दिसत नाही.

आणेवारीच्याही आधीचा एक कागद इथे आठवतो. 1676 साली शिवाजी महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिले, त्याचा आशय असा: गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. बैल नसेल त्याला बैलासाठी पैसा द्या, खायला नसेल त्याला धान्य द्या. वाढीदिढी न लावता मुद्दल तेवढे, ऐपत येईल तसे, हळूहळू परत घ्या. महसूल त्या राज्यालाही हवा होता. तरी पत्रातला पहिला प्रश्न ‘किती पिकले’ हा नाही, ‘याच्याकडे काय नाही’ हा आहे. पंचनाम्याला येणाऱ्याने पीक जरूर मोजावे. पण बियाणे, बैल, दाणे आणि हाताला काम यांतले काय उरले नाही, तेही त्याच कागदावर लिहून न्यावे.