गार्सिया द ऑर्ता : ग्रंथास मान्यता, अस्थींना अग्नी

१० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापून पूर्ण झाला. भारतातील औषधी द्रव्यांविषयीच्या या संवादरूप ग्रंथाचे लेखक होते वैद्य गार्सिया द ऑर्ता. हिंग, अफू, कापूर, आले यांसारख्या द्रव्यांची स्थानिक नावे, त्यांचे गुणधर्म व व्यापार, तसेच येथील वैद्य-हकिमांचे उपचार त्यांनी नोंदविले. पटकीच्या रुग्णाचे वर्णनही त्यात आहे. प्राचीन ग्रीक ग्रंथकारांच्या मतांहून प्रत्यक्ष पाहणीला त्यांनी अधिक प्रमाण मानले.

हा ग्रंथ इन्क्विझिटर अलेशो दियश फाल्कांव यांनी तपासल्याचा उल्लेख मुखपृष्ठावरच आहे. त्यांचे धर्मन्यायालय गोव्यात १५६० मध्ये स्थापन झाले होते. ग्रंथाला त्यांनी हरकत घेतली नाही.

संकट आले ते वंशाच्या वाटेने. ऑर्ता यांचे कुटुंब मूळचे ज्यू. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंवर सक्तीने ख्रिस्ती धर्म लादण्यात आला होता आणि अशा ‘नवख्रिस्ती’ घराण्यांवर गुप्तपणे पूर्वधर्म पाळल्याचा संशय कायम राही. १५६८ मध्ये ऑर्ता निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांची भगिनी कातारिना हिला जाळण्यात आले. नातलगांच्या जबान्यांतून ऑर्ता यांच्यावरही ठपका आला. मृत्यूनेही खटला संपला नाही. १५८० मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

मात्र ग्रंथ तोवर न्यायालयाच्या आवाक्याबाहेर गेला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस यांनी केलेला त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्येच अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला होता. ज्याच्या ज्ञानात धर्मन्यायालयाला दोष आढळला नाही, त्याचा अंतःकरणातील विश्वासच अपराध ठरला.