खांबांवरचे घर, भिंतींवरचा गड : दोन फियाटची गोष्ट

भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडला सहल नेलीत, तर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. कुडाच्या घराची एखादी भिंत पडली तर छप्पर खाली येते का? सहसा नाही, कारण त्याचा भार लाकडी खांबांवर असतो. गडाच्या तटाला असे वेगळे खांब नसतात. तिथे भिंतच भार पेलते. हाच फरक आपल्याला दोन जुन्या इटालियन मोटारींत दिसतो. त्यांतली कोणती जपणे अवघड, हेही त्यावरूनच ठरते.

दोन्ही मोटारी मुंबईत कुर्ल्याला जोडल्या गेल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९५१ च्या सुमारास तिथे फियाट ५०० ची जुळणी सुरू झाली. दान्ते जाकोसा यांनी आखलेली ही मोटार इटलीत १९३६ साली आली. इंजिन अवघे ५६९ घनसेंटीमीटरचे, म्हणून लोक तिला 'तोपोलिनो', म्हणजे छोटा उंदीर, म्हणत. तिच्या तळाशी पोलादी सांगाडा असे आणि बॉडी त्यावर बसवलेली असे. हे झाले खांबांवरचे घर.

दुसरी फियाट ११००. १९५३ साली इटलीत आलेल्या तिच्या नव्या रूपात वेगळा सांगाडाच नव्हता. पातळ पत्रे वाकवून, जोडून केलेली पेटी हाच सांगाडा. तिचीच पुढची आवृत्ती १९६४ पासून कुर्ल्याला होऊ लागली आणि १९७४ साली 'पद्मिनी' झाली. हा झाला गड.

पातळ पत्र्याला एवढे बळ कुठून येते? वर्गात करून पाहू. बुटांचा रिकामा खोका झाकण काढून पिळा. सहज पिळला जातो. झाकण चिकटपट्टीने चारी बाजूंनी पक्के करा. आता तो पिळवटत नाही. मग एका बाजूची खालची कड लांबवर कापा. खोका पुन्हा लुळा पडतो.

पद्मिनीत हे कापण्याचे काम गंज करतो. दाराखालच्या पोकळ उंबऱ्यात पावसाचे पाणी साचते, पत्रा आतून खातो आणि वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. तोपोलिनोची बॉडी उतरवून सांगाडा नीट तपासता येतो. पद्मिनीत तशी सोय नाही. म्हणून संग्राहकाने आधी रंग न पाहता उंबरा आणि तळ पाहावा.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपातली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. १९५१ ची तोपोलिनो त्यात सहज बसते. १९९५ ची पद्मिनी २०४५ पर्यंत थांबणार, आणि गंज तोवर थांबत नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

दुर्मीळ वस्तू कोणीतरी जपतेच. रोजच्या वापरातली वस्तू दुर्मीळ होईपर्यंत तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. गावात एखादी पद्मिनी उभी असेल, तर मुलांना घेऊन तिचा उंबरा एकदा पाहून या.