समूह-अस्मितेचे सिद्धांत आणि अस्पृश्यांचा लढा

राज्यशास्त्रात समूह-अस्मितेविषयी दोन सिद्धांत प्रामुख्याने मांडले जातात. एकानुसार अस्मिता जन्म, भाषा, धर्म यांतून वारशाने येते; दुसऱ्यानुसार अभिजन सत्तास्पर्धेसाठी ती घडवितात. महाराष्ट्रातील अस्पृश्यांचा लढा या दोहोंच्या मर्यादा स्पष्ट करतो. अस्पृश्यता जन्माने लादलेली होती. परंतु २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून डॉ. आंबेडकर व हजारो अनुयायांनी तिच्याविरुद्ध समान नागरी हक्काचा दावा मांडला. १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. मात्र प्रतिनिधींची अंतिम निवड संयुक्त मतदारसंघांकडे राहिली. म्हणून अस्मितेच्या अभ्यासात उगमाइतकाच, समूहाचा प्रतिनिधी कोण ठरवितो, हा प्रश्नही मूलभूत मानावा लागतो.