उक्तें काम आणि दारूचा गुत्ता

मजूर दारू पितो म्हणून दरिद्री राहतो, हें मत सुशिक्षितांच्या घरीं सहज ऐकूं येतें. परंतु मजुराच्या हातीं दाम कोणत्या रीतीनें पडतो, ही चौकशी त्याच्याही आधीं झाली पाहिजे. लंडनच्या कोळसा उपसणाऱ्या मजुरांचा इतिहास या दृष्टीनें बोधप्रद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत न्यूकॅसलकडील कोळसा गलबतांतून टेम्स नदींत येई. तो उपसावयास नऊ जणांची टोळी लागे. चौघे तळाशीं टोपली भरीत, चौघे दोर धरून एकदम खालीं उडी घेत व टोपली वर आणीत, आणि नववा ती रिती करी. मजुरी दिवसावर नसून टनावर असे. त्यामुळें शक्तीबाहेर श्रम होत, धुळीनें घसा कोरडा पडे, आणि बिअरवांचून हें काम होणें नाहीं, अशी समजूत रूढ झाली. मापावर मजुरी मिळाली म्हणजे मनुष्य अतिश्रम करतो, आणि आठवड्यांतील चार दिवसांचा अतिश्रम हेंच पुष्कळदां उरलेल्या तीन दिवसांच्या आळसाचें खरें कारण असतें, असें अॅडम स्मिथनें १७७६ सालींच लिहिलें होतें.

परंतु खरा अनर्थ याहून निराळा होता. टोळ्या नेमण्याचें काम नदीकांठच्या गुत्तेवाल्यांच्या हातीं होतें. जो अधिक पिई त्यास काम आधीं मिळे. गलबत रितें झालें कीं हिशेब गुत्त्यांतच होई, आणि उधारी वळती करून जें उरेल तें हातावर पडे. म्हणजे मजुरी टनावर मोजली जाई, पण काम मिळण्याची पात्रता पेल्यांवर ठरे! अशा स्थितींत संयमी मनुष्यच उपाशी राहिला, तर नवल तें काय?

१८४३ सालीं ग्लॅडस्टन यांच्या पुढाकारानें पार्लमेंटनें कायदा केला. मजुरांच्या नोंदणीची कचेरी निघाली व काम तेथून मिळूं लागलें. मजुरी मापावरच राहिली. मधला गुत्तेवाला मात्र गेला. पुढें १८४९-५० च्या सुमारास हेन्री मेह्यू यानें या लोकांची चौकशी केली, तेव्हां जुन्या जुलमाच्या हकीकती त्यास त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळाल्या. इतकेंच नव्हे, तर दारू सर्वस्वीं सोडून हेंच काम करणारे मजूरही त्यास भेटले. या कायद्याची मुदत १८५६ सालीं संपली. गुत्त्यांत मजुरी वांटण्यास सरसकट बंदी करणारा कायदा ब्रिटनमध्यें व्हावयास मात्र १८८३ साल उजाडावें लागलें.

व्यसनाचा दोष माणसाच्या ठायीं नसतोच, असें नाहीं. परंतु मजुरास उपदेश करूं इच्छिणाऱ्यानें त्याची मजुरी कोण मोजतो, कोठें मोजतो आणि कशावर मोजतो, हें अगोदर पाहावें.