बोललेले आणि नोंदलेले

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘प्रिंट’ हा शब्द शिकवतात. नाव प्रिंट असले तरी कागदावर काही छापले जात नाही. पडद्यावर एक ओळ उमटते. नवी ओळ आली की जुनी वर सरकते आणि दिसेनाशी होते. समोर कोणी बसलेले असेल तर ठीक. पण हिशोबाचा प्रोग्रॅम रात्री दोन वाजता अडखळला, तर तो काय बोलला हे सकाळी सांगणार कोण?

पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्द असे. झालेला व्यवहार त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिला जाई. संगणकाच्या रोजकीर्दीला ‘लॉग’ म्हणतात. शब्द मूळचा जहाजावरचा. खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका समुद्रात टाकून जहाजाचा वेग मोजत आणि वहीत लिहीत. ओंडका म्हणजे लॉग, म्हणून ती वही लॉगबुक.

प्रोग्रॅमचे सगळे बोलणे एकाच वाटेने जाऊन चालत नाही, हा धडा मिळाला तो छपाईच्या एका फजितीतून. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी युनिक्स ही प्रणाली घडवत होते. तिच्यात एक लहानशी खूण केली की पडद्याकडे जाणारी ओळ फायलीकडे किंवा यंत्राकडे वळते. दारे धरणारा गडी पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडतो, तसेच हे. प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसतो.

तिथे फोटोटाइपसेटर आला. मजकूर त्याच्याकडे वळवायचा, मग फोटोच्या कागदाची लांब पट्टी दुर्गंधी येणाऱ्या दुसऱ्या यंत्रातून काढायची आणि काही मिनिटे वाट पाहायची. एके दुपारी कित्येकांच्या हाती आलेल्या कागदावर सुबक टायपात एकच ओळ होती: अमुक फाइल उघडता येत नाही! तक्रारही मजकुराच्याच वाटेने छापायला गेली होती. तिथले स्टीव्ह जॉन्सन यांनी ही हकीकत सांगितली आहे. बरीच कुरकुर झाली आणि दोनेक दिवसांत तक्रारींसाठी निराळी वाट निघाली. तिचे नाव ‘स्टँडर्ड एरर’. छापखान्यातल्या चुकांनी आम्हा कवींना पुष्कळ रडवले आहे. त्यांतून एवढे भले झाल्याचे मात्र ऐकिवात नव्हते.

१९८०च्या दशकात बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी टपाल पोचवणाऱ्या ‘सेंडमेल’ प्रोग्रॅमसाठी ‘सिसलॉग’ केला. त्यात प्रत्येक नोंदीला वेळ आली आणि गांभीर्याची पायरी आली. आणीबाणीपासून किरकोळ तपशिलापर्यंत अशा आठ पायऱ्या.

गिदो व्हान रॉसम यांची पायथन भाषा १९९१ साली बाहेर पडली, पण अशी रोजकीर्द तिच्या पेटीत नव्हती. ज्याने त्याने आपापली वही शिवावी. विनय साजिप आणि ट्रेंट मिक यांच्या प्रस्तावातून ‘लॉगिंग’ची सोय २००३ साली पायथन २.३मध्ये आली. हिच्या मुख्य पायऱ्या पाच.

तोवर लिहिलेल्या प्रोग्रॅमांत मात्र ठिकठिकाणी प्रिंट पेरलेले होते. ते सगळे कोण बदलणार? मग युनिक्सची जुनी युक्ती पुन्हा कामी आली. पायथनमध्ये ‘पडदा’ हे निव्वळ एक नाव आहे. त्या जागी आपला कारकून बसवायचा; त्याला फक्त ‘लिही’ एवढी आज्ञा कळली की पुरे. प्रिंट बोलते, कारकून ऐकतो आणि लॉगकडे देतो. अशी अदलाबदल करणारे तयार साधन २०१४ साली पायथन ३.४मध्ये मिळाले.

यात खाचखळगे आहेत. प्रिंट आधी मजकूर देते आणि ओळ संपल्याची खूण मागाहून, वेगळी देते; कारकून भोळा असेल तर दर नोंदीखाली एक कोरी नोंद पडते. लॉग लिहिणाराही त्याच पडद्यावर बोलत असेल, तर कारकून त्याचेही बोलणे टिपून त्यालाच परत देतो आणि हे चक्र थांबत नाही. शिवाय प्रिंटला गांभीर्य ठाऊक नसते. ‘काम सुरू झाले’ आणि ‘पैसे जुळत नाहीत’ या दोन्ही ओळी एकाच पायरीवर बसतात. म्हणून हे ठिगळच. मूळ प्रोग्रॅममध्ये कोणती ओळ किती गंभीर हे माणसानेच लिहायला हवे.

आणि काय लिहू नये, तेही. मे २०१८मध्ये तेव्हाच्या ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. पासवर्ड सांकेतिक रूपात बदलण्याआधीच कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे उतरत होते. ते कोणाच्या हाती लागल्याचे आढळले नाही, असे कंपनीने तेव्हा सांगितले.